तिचा श्वास ऐकू येतो

हिराआयच्या घरात टेप लावायची एकच वेळ होती. रविवारी दुपारी जेवणं आटपायची, भांडी घासून अंगणातल्या दगडावर पालथी पडायची, हिराआयची सून वनितावहिनी पदर तोंडावर घेऊन ओटीवर कलंडायची, आणि मग मी पडवीतल्या फळीवरून टेप खाली काढायची. पडवीला लागून कुडाची भिंत, भिंतीपलीकडे वालाचा मळा आणि मळ्यापलीकडे हायवे. ट्रकांचा आवाज दिवसभर यायचा, पण दुपारी तो लांबच्या नदीसारखा वाटायचा. कुंभिवलीला आले तेव्हा पहिले काही आठवडे मला त्या आवाजाची भीती वाटायची. नंतर तो कधी थांबला तरच दचकायला व्हायचं.

मी वाशीमकडची. सातवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे कोणी सोडवली नाही; आईला कंबरेचं दुखणं लागलं, घरात मी थोरली, आणि एक दिवस दप्तर खुंटीला राहिलं ते राहिलंच. सतरा वर्षांची असताना मावशी मला इकडे घेऊन आली. हायवेवरच्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायचं काम होतं. दोघी मिळून हिराआयच्या पडवीत राहिलो. वर्षभरात मावशी काकांच्या आजारपणामुळे परत गेली आणि जाताना हिराआयला म्हणाली, "पोरीला घेऊन जाते." तेव्हा हिराआय तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "कशाला? र्‍हाऊ दे ना तिला. माझ्या पडवीला कोण हाय?" एवढंच. त्या एका वाक्यावर मी त्या घरात पाच वर्षं राहिले.

पण राहिले ती कशी, तर पाहुण्यासारखी. पावलं न वाजवता चालायची. घरात कोणी अनोळखी माणूस आला की मला वाटायचं, आता हा पडवी मागणार. वहिनी जरा जोरात बोलली की मी पिशवीत माझे कपडे घडी करून ठेवायची आणि संध्याकाळी परत बाहेर काढायची. मोठ्याने हसायचं नाही, दुसर्‍यांदा भात मागायचा नाही, आणि 'मले', 'तुले' असं तोंडातून निघू द्यायचं नाही, कारण निघालं की हिराआयचा मुलगा दिनादादा दिवसभर "मले पानी दे वो" करत फिरायचा. तो काही वाईट मनाने करायचा नाही. आता माझी मुलगी म्हणते, आई, तू अजूनही लोकांच्या घरी सोफ्याच्या कडेवर बसतेस. खरं आहे. ती सवय त्या पडवीतली.

त्या पडवीत माझ्या मालकीची एकच वस्तू होती, ती म्हणजे एक कॅसेट. हायवेवर चहाच्या टपरीशेजारी ड्रायव्हर लोकांसाठी कॅसेट विकणारा एक जण बसायचा. त्याच्याकडे ती कॅसेट उन्हात पडून पडून तिच्या वेष्टणावरचा निळा रंग पांढरा झाला होता. सिनेमातली एक नटी होती, त्या वेळी घरोघरी माहीत असलेली. तिने स्वतः गायलेल्या आठ गाण्यांचा अल्बम काढला होता, हिंदीत. त्या काळी अशा अल्बमांची लाट होती. चित्रात ती एका पायरीवर अनवाणी बसलेली, केस ओले, आणि बघतेय कुठेतरी बाजूला, कोणी हाक मारल्यासारखी. कॅसेटवाला म्हणाला, "ही नको घेऊ गं. एकानं नेली, परत आणून दिली." मी घेतली ती बहुतेक त्यामुळेच. नटीचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या घरात तिला कोणी नावाने हाक मारतच नव्हतं. सगळे तिला 'सुमीची बाय' म्हणायचे. सुमी म्हणजे मी.

त्या कॅसेटच्या दुसर्‍या बाजूला तिसरं गाणं होतं. चाल संथ, मागे नुसती एक बासरी आणि टाळ्यांसारखं काहीतरी. गाणं वर चढायच्या जरा आधी बासरी थांबायची आणि त्या रिकाम्या जागेत तिने घेतलेला श्वास ऐकू यायचा. स्पष्ट, मोठा. आणि मग ती वर जायची, म्हणजे जायचा प्रयत्न करायची. पहिल्यांदा तो श्वास ऐकला तेव्हा मी वाल सोलत होते आणि माझे हात थांबले. माझी आई विहिरीच्या काठावर भरलेला हंडा डोक्यावर घेण्याआधी अगदी असाच श्वास घ्यायची. कंबर दुखायला लागल्यावर तर हमखास. तो श्वास ऐकला की मला कळायचं, आता ती उठणार. शेकडो मैलांवरची माझी आई त्या डबीत बसली होती आणि दर रविवारी दुपारी एकदा उठत होती. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते वाटतही नव्हतं. वालाच्या मळ्यावर ऊन पडलेलं असायचं, सोललेल्या डाळिंब्यांचा हिरवट वास हाताला, वहिनीचं घोरणं, ट्रकांची नदी, आणि त्या सगळ्यातून तो श्वास. अर्धी जागी, अर्धी कुठेतरी आमच्या विहिरीवर, अशी मी ती दुपार घालवायची.

दिनादादा भिवपुरीच्या पॉवर हाउसमध्ये कामाला होता. साहेबांच्या ऑफिसातले आठवड्याचे जुने पेपर तो रविवारी घरी आणायचा, फळ्यांवर अंथरायला. अंथरायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवायची त्याला हौस. एका रविवारी त्याने पेपर उघडला आणि एकदम खूश होऊन ओरडला, "अगं सुमे, तुझ्या बायवर लिवलंय!" मी धावत गेले. मला वाटलं, कौतुक असेल.

तो वाचत गेला आणि मी उभी राहिले. लिहिणार्‍याने तिला काही शिल्लक ठेवलं नव्हतं. चेहर्‍याच्या जोरावर गळा विकायला निघाली आहे, म्हणे. आवाज ओल्या काडेपेटीसारखा, नुसता घासतो, पेटत नाही, म्हणे. आणि शेवटी त्या तिसर्‍या गाण्याबद्दल लिहिलं होतं की हिला श्वास लपवण्याइतकंही कोणी शिकवलेलं नाही. दिनादादाने ते वाक्य दोनदा वाचलं. दुसर्‍यांदा वाचताना त्याने स्वतः एक मोठा श्वास घेऊन डोळे फिरवले, वहिनी खदखदून हसली, आणि मला काय झालं ते कळलंच नाही.

"तिले गाता येत नाई हे तिलेबी ठाऊक असन," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की अंगणातली कोंबडी उडाली. "तरी गायली ना ती? एवढी मोठी बाई. तिले काय गरज होती? गप बसली असती तर कोणी नाव ठेवलं असतं का? सगळ्या जगाले माहीत होईन की हिले येत नाई, तरी उभी राहिली. त्या लिहिणार्‍याले म्हणा, तू गाऊन दाखव."

मी त्या घरात पहिल्यांदाच आवाज चढवला होता, आणि तोही 'मले-तुले'मध्ये. दिनादादा पेपर खाली ठेवून म्हणाला, "अगो बाय, मी नाय लिवलं ते. मला कशाला खातंस?"

पण उत्तर आलं ते आतून, चुलीपाशी बसलेल्या हिराआयकडून. ते मला जास्त लागलं. "गाता येत नाय तर गाऊ नये," ती म्हणाली. "ज्याला पोहता येत नाय तो पुरात उतरतो का? गाणं काय गंमत हाय? काम हाय ते."

हिराआयला असं बोलायचा हक्क होता. ती धवलारीण होती. आमच्या वाशीमकडे लग्न भटजी लावतात. त्या भागात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं वेगळं, त्याला धवला म्हणतात. ते गाणं झालं नाही तर ते काम झालंच नाही असं धरतात. ती एक ओळ टाकायची आणि शेजारची सखूबाय ती झेलायची, मग पुढची ओळ. एकदा धवला सुरू झाला की मध्ये तोडायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, कारण त्यात देवांना नावं घेऊन बोलावलेलं असतं. "देवाला निम्म्या वाटंवर आणून सोडायचा का?" असं ती म्हणायची. खालापुरापासून कर्जतपल्याड कडावपर्यंत तिला बोलावणी यायची. टेंपो घ्यायला यायचा. परत येताना तिच्या ओटीत नारळ आणि खण असायचा आणि चालण्यात एक वेगळाच डौल.

त्या दिवशी ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "लाव. बघू तुझी बाय." मी लावली. ती गुडघ्याला मिठी मारून बसली, डोळे मिटून, जसं दुसरी धवलारीण कुठे गाताना ऐकायची तसं. तिसरं गाणं आलं. श्वास आला. हिराआयने डोळे उघडले. "धाप लागती हिला," ती म्हणाली. "धापेच्या बाईनं मांडवात उभं र्‍हाऊ नये." आणि उठून आत गेली. उठताना तिने भिंतीला हात लावला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. ते फक्त मी पाहिलं.

कारण मला आधीच ठाऊक होतं. माझी झोप सशाची. पहाटे ती चूल पेटवायला बसायची, तेव्हा फुंकणीतून दोन फुंका घातल्या की ती थांबायची आणि तिच्या छातीतून बारीक शिटीसारखा आवाज यायचा. भाकरीची उकड मळताना यायचा. विहिरीवरून येताना ती फणसाला टेकायची आणि कोणी पाहिलं तर फणस मोजत असल्यासारखं वर बघायची. मी कधी विचारलं नाही. एवढं मात्र केलं, की तिच्या आधी उठून चूल पेटवायला लागले. ती म्हणाली, "आज लवकर उठलीस गं?" मी म्हणाले, "कंपनीचा भोंगा वाजल्यासारखं वाटलं." दुसर्‍या दिवशीही तसंच वाटलं, आणि तिसर्‍या. मग तिने विचारणं सोडलं.

मी त्या लिहिणार्‍याला उत्तर लिहायला बसले होते. बाटल्यांच्या वाया गेलेल्या लेबलांच्या कोर्‍या बाजूवर. 'आदरणीय' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे काही सुचेना. सातवी शिकलेल्या पोरीने पेपरातल्या माणसाला काय लिहायचं? आईच्या हंड्याबद्दल? ती लेबलं मी चुलीत घातली. हे लिहिणं त्याला माझं उत्तर समजायला हरकत नाही, जरा उशीर झाला इतकंच.

त्या उन्हाळ्यात सखूबाय बाथरूममध्ये पडली, तिचं कंबरेचं हाड मोडलं, आणि चार दिवसांवर कडावचं लग्न होतं. मोठं घर, भातशेतीवाले, हिराआयने त्या घरातल्या तीन पिढ्यांना हळद लावलेली. झेलायला कोण? वहिनीने कानांवर हात ठेवले. तेव्हा हिराआय मला म्हणाली, "तू चल. माझ्या बाजूला उभी र्‍हा, नुसतं तोंड हलव, ओळ मीच झेलीन. पाच वर्षं ऐकतीयस, शब्द तर ठावं असतील." शब्द मला पाठ होते, सगळे. पण माझ्या गळ्यातून ते कधी निघाले नव्हते, आणि मी तर त्या गावची नाही, त्या जातीगोतातली नाही. "कोणी विचारलं, ही कोण, तर?" मी म्हणाले. ती म्हणाली, "मी बघीन ते."

कडावला सकाळी पोचलो. अंगणभर हिरवा मांडव, खाली सारवण अजून ओलं, एका कोपर्‍यात वड्यांचं पीठ आंबलेलं, त्याचा वास. बांधापलीकडे कापलेल्या भाताची खुटं आणि त्याच्यावर बगळे. सगळं एखाद्या पाण्याखाली चाललेलं असावं तसं मला दिसत होतं, सावकाश आणि लांबून. मध्ये उखळात हळकुंडं घातली होती. आंब्याची पानं बांधलेली दोन मुसळं, पाच सवाष्णी, आणि नवरीची आत्या बेबीताई कमरेवर हात ठेवून सगळ्यांवर नजर ठेवून. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सखूबाय कुठं? ही कोन?"

"माझी हाय," हिराआय म्हणाली, आणि धवला सुरू केला.

काय आवाज होता तो! सुंदर नव्हे. खडबडीत, जात्यासारखा, पण त्याच्यावर घर उभं राहील असा. ती गावदेवीला बोलवत होती, वेशीला, उंबराला, मग मुसळाला, सुपाला. मुसळं तालात पडत होती. मी तोंड हलवत होते. मग नदीची ओळ आली. नदीला हळदीला ये म्हणून बोलवायची आणि तिला आठवण करून द्यायची, की येताना वाटेतली गावं बुडवू नकोस. लांब ओळ, एका दमात घ्यायची. हिराआयने 'ये' म्हटलं आणि तिथे तिचा आवाज संपला. विझला नाही, तुटला. तिने तोंड उघडलं, शिटी वाजली, काही आलं नाही. मुसळं हवेत थांबली. पाच बायका तिच्याकडे बघायला लागल्या आणि बेबीताईचा हात हनुवटीवर गेला. नदी निम्म्या वाटेवर उभी होती.

तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला अजून दिसतं. तिला मरणाची भीती नव्हती. पुढच्या वर्षी टेंपो येणार नाही, ही होती.

मी श्वास घेतला. इतका मोठा, की समोरच्या बाईने दचकून माझ्याकडे पाहिलं. आणि मी ओळ उचलली. शब्द बरोबर होते, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण चाल? धवल्याची चाल माझ्या डोक्यातून पार निघून गेली होती. माझ्या गळ्यात रविवारची एकच चाल मुरलेली होती, आणि ती निघाली. दुसरी बाजू, तिसरं गाणं. कडावच्या मांडवात गावची नदी माझ्या बायच्या चालीवर, संथ, डुलत डुलत हळदीला यायला लागली. मुसळवाल्या बायका हडबडल्या. एकीचं लवकर पडलं, दुसरीचं उशिरा, हळकुंडाचा तुकडा उडून एका म्हातार्‍याच्या टोपीवर बसला. कोणीतरी फिसकन हसलं. मी वर चढायच्या जागेला पोचले आणि माझा आवाज फाटला, बायचा फाटतो तिथेच. पण ओळ पुरी झाली. नदी पोचली.

तेवढ्या वेळात हिराआयला दम मिळाला होता. तिने पुढची ओळ स्वतःच्या चालीत घेतली, जणू मधलं सगळं असंच असतं, आणि मुसळं सुतासारखी सरळ पडायला लागली. धवला पुरा झाला. मी खाली बघत होते. मनात पिशवी भरत होते: दोन साड्या, एक चादर, कॅसेट.

"हे काय गं हिराआय?" बेबीताईचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला. "आमच्या पोरीच्या हळदीला सिनेमाचं गाणं? हिला गाता तरी येतंय का?"

हिराआयने पदराने तोंड पुसलं. घाई केली नाही. "नाय येत," ती म्हणाली. "तिला येत नाय हे तिलाबी ठावं हाय. तरी गायली ना ती? तुमी पाचजणी मुसळं धरून उभ्या व्हत्या, तुमच्यातली कोन गायली?" मग जरा थांबून, "देव आला ना मांडवात? मग झालं. हळद चाळायला घ्या."

बेबीताईने एकदा उखळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ज्या म्हातार्‍याच्या टोपीवर हळकुंड होतं त्याच्याकडे पाहिलं आणि तिलाच हसू आवरेना. "बाबांना आधी हळद लागली," ती म्हणाली, आणि मग सगळाच मांडव हसला.

परत येताना टेंपोत हिराआय माझ्या खांद्याला टेकून बसली होती. ओटीतला नारळ तिने माझ्या ओटीत ठेवला. मी तो घट्ट धरून बसले, कोणी परत मागेल म्हणून.

आता मी पुण्यात मुलीकडे असते. मागच्या महिन्यात तिने फोनवर तो अल्बम शोधून दिला. खाली लोकांनी लिहिलेलं होतं, हसरी तोंडं काढून, त्या पेपरवाल्यापेक्षा वाईट. मी कानात घालून आठही गाणी ऐकली. कबूल करायला हवं, तो माणूस एकही वाक्य खोटं लिहून गेला नव्हता. आवाज खरंच ओल्या काडेपेटीसारखा आहे. तरीपण तिसरं गाणं आलं तेव्हा मी फोन खाली ठेवून उठून उभी राहिले. का, ते मुलीला सांगता आलं नाही.

कडावहून आलो त्याच्या दुसर्‍या दिवशी मी नेहमीसारखी आधी उठून चुलीपाशी गेले, तर हिराआय तिथे बसलेलीच. चूल पेटलेली नव्हती. तिने फुंकणी माझ्याकडे सरकवली.

"रोज माझ्या आधी उठवायला भोंगा वाजतो का गं तुझ्या कानात?" ती म्हणाली. मी मान खाली घातली. "फुंक. आणि फुंकून झालं की गावदेवीपासून सांगते, ते घे. चाल माझी. तुझ्या बायची नाय, सांगून ठेवते."

मी चूल पेटवली. जाळ धरला. बाहेर हायवेवर ट्रकांची नदी वाहत होती. तिने पहिली ओळ अगदी हळू टाकली, छाती सांभाळून, आणि माझ्याकडे पाहिलं. मी श्वास घेतला. मोठा, लपवता न आलेला. ती काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले.

"थांबलीस का?" हिराआय म्हणाली. "उचल."